खावटीची पिशवी: काट्यावर ठेवून लिहिलेला अभिप्राय

वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. गेली बावीस वर्षं मी बघते. कडधान्य मुठीत घेतलं की ते यंदाचं की गेल्या सालचं, किती दिवस गोदामात पडलंय, हे मला कळतं. म्हणून आधीच सांगते, हा अभिप्राय दुकानदाराच्या नजरेचा आहे. आणि ज्या मालाबद्दल लिहितेय तो कुणी विकत घेतलेला नाही. आदिवासी विकास विभागाच्या खावटी अनुदान योजनेतली, म्हणजे आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात खायला म्हणून दिलेल्या मदतीतली ती पिशवी, २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या कातकरी आदिवासींच्या वस्तीवर आलेली. लिहायला एवढी वर्षं का लागली, ते पुढे येईलच.

जुलैचा पहिला पंधरवडा होता. हा तोच जुलै, ज्याच्या २२ तारखेला कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली. पाऊस थांबतच नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास वस्तीवरची एक मावशी डोक्यावर पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर आली. युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून तिने स्वतःपेक्षा पिशवीला जास्त झाकलं होतं. बाकावर पिशवी टेकवली तेव्हा तिची मान काही वेळ तशीच ताठ राहिली. शाळेच्या व्हरांड्यात वाटप झालं होतं, तिथून ती सरळ माझ्याकडे आली होती.

"वैनी, ह्यातलं काय ठिवून घेता का? मला तांदूळ पायजे."

मी पिशवी उघडली. बारा जिन्नस. मटकी १ किलो, चवळी २, हरभरा ३, पांढरा वाटाणा १, तूरडाळ २, उडीदडाळ १, मीठ ३, साखर ३, मिरची पावडर १ किलो, गरम मसाला अर्धा किलो, चहा पावडर अर्धा किलो आणि शेंगदाणा तेल १ लिटर. एकूण एकोणीस किलोच्या आसपास ओझं. त्यात तांदळाचा दाणा नाही, ज्वारी नाही, नाचणी नाही. धान्य रेशनवर मिळतं, म्हणून इथे डाळी, तेल, मीठ-मसाला द्यायचा, असा त्यामागचा हिशेब असावा. पण या मावशीचं रेशनकार्ड तेव्हा नव्हतंच. दिवाळी झाली की हे लोक उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ते पाऊस तोंडावर आला की परततात. कार्डाची यादी होते तेव्हा ते भट्टीवर असतात. वस्तीत तिच्यासारखी आणखी घरं होती.

मी एकेक पुडा काट्यावर ठेवला. सवयच आहे ती. तूरडाळीचे दोन पुडे, पिशवीसकट एक ९९० ग्रॅम, दुसरा ९८५. म्हणजे आतली डाळ किलोपेक्षा थोडी कमीच, पण डाळ स्वच्छ होती, खडा नव्हता, शिजायलाही बरी निघाली. तेलाची पिशवी ९१५ ग्रॅम. एक लिटर तेल ९१० ग्रॅमच्या जवळपास भरतं, तेव्हा माप चोख. वासही शेंगदाण्याचा. साखर, मीठ यांत बोलण्यासारखं काही नाही. एवढं चांगलं होतं आणि ते चांगलं म्हणून लिहिलंच पाहिजे.

चवळी मात्र जुनी होती. पुडा हलवला तर तळाशी पीठ जमलेलं. मी शंभर दाणे मोजून वाटीभर पाण्यात टाकले, चौदा वर आले. वर येणारा दाणा आतून पोकळ असतो, भुंग्याने खाल्लेला. माझ्या दुकानात असा माल आला तर मी त्याच टेम्पोने परत पाठवते, आणि व्यापारी मुकाट्याने घेतो, कारण पुढच्या आठवड्याची ऑर्डर माझ्या हातात असते. हरभरा बरा होता, वाटाणा टणक. चहा म्हणजे अगदी तळाची भुकटी, एक चमचा टाकला तर रंग काळा आणि चव तुरट. मिरची पावडर लालभडक, जिभेला मात्र काहीच लागेना. आमच्याकडची माणसं कांदा-लसणाच्या चटणीवर वाढलेली, त्यांना ही पावडर म्हणजे नुसता रंग.

आणि गरम मसाला. अर्धा किलो. माझ्या घरात पाच माणसं, सणवार, पाहुणे, आठवड्याला एकदा मटण, तरी अर्धा किलो गरम मसाला मला वर्षभर पुरतो. ज्या घरात खेकडे आणि धरणातले मासे मीठ-मिरचीवर शिजतात, त्या घराने तो कशात घालायचा? मावशीने पुडा नाकाशी नेला, बाजूला ठेवला. "ह्यो घ्या. आमी काय करायचा एवढा?" मीही वास घेतला. धण्याचा भुस्सा आणि थोडी दालचिनी, याच्यापुढे त्यात काही नव्हतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून वस्तीवरच्या आणखी तीन बायका आल्या. चारही पिशव्यांतली चवळी सारखीच निघाली, त्यामुळे एखादा पुडा चुकून आला म्हणावं तर तसं नव्हतं. मी त्यांचे मसाल्याचे पुडे ठेवून घेतले आणि त्या बदल्यात तांदूळ दिला. पुड्यावर किंमत नव्हती, 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं, त्यामुळे ते मी विकले नाहीत आणि विकायचे नव्हतेच. तांदूळ माझ्या पदरचा गेला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की या बायका बदलून मागायला माझ्याकडे आल्या, कारण मागायला दुसरी जागाच त्यांना कुणी दाखवली नव्हती.

आता भावाचं. माझ्या वहीत त्या आठवड्याचे भाव आहेत. तूरडाळ दोन किलो २१० रुपये, तेल १७५, मिरची पावडर २२०, मध्यम प्रतीचा गरम मसाला अर्धा किलो २५०. असे बाराही जिन्नस धरले तर माझ्या दुकानात, माझा नफा धरून, पिशवी १,८६१ रुपयांची होते. शासनाने धरलेली किंमत २,००० रुपये. फार मोठा फरक नाही, असं कुणी म्हणेल. पण मी वाईच्या बाजारातून दोन-तीन पोती उचलणारी बाई. शासन ही पिशवी ११ लाख ५५ हजार कुटुंबांना देणार होतं. त्या हिशेबाने नुसती तूरडाळ २,३१० टन होते. गरम मसाला ५७७ टन. एवढा माल एकगठ्ठा घेणाऱ्याला किरकोळीच्या भावापेक्षा वर द्यावं लागत नाही, हे कुठलाही अडत्या सांगेल. पॅकिंग आहे, वाहतूक आहे, डोंगरातल्या वाड्यांपर्यंत टेम्पो न्यायचा म्हणजे भाडं चढतं, हेही मला माहीत आहे. ते सगळं धरून हिशेब बरोबर बसत असेलही. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, ते म्हणायला माझ्याकडे कागद नाही. तो कागद मिळावा म्हणूनच पुढची धडपड केली.

योजना मुळात काय होती ते थोडक्यात सांगते, कारण आमच्या गावातल्या लोकांनाही ते ठाऊक नव्हतं. खावटी म्हणजे पावसाळ्यातल्या बेकारीच्या महिन्यांत घरात खायला असावं म्हणून दिलेली मदत. १९७८ पासून ती कर्ज म्हणून दिली जायची, मग बंद पडली. २०२० मध्ये टाळेबंदीत लोक उपाशी राहायला लागले तेव्हा ती पुन्हा आली, या वेळी अनुदान म्हणून. ९ सप्टेंबर २०२० चा शासन निर्णय. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० चा माल. एकूण ४८६ कोटी. लाभार्थ्यांत आदिम जमातींची कुटुंबं होती. आमचे कातकरी त्यात येतात. महाराष्ट्रात केंद्राने आदिम म्हणून धरलेल्या जमाती तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कल्पना चांगली होती, हे मी मनापासून म्हणते. पण टाळेबंदी लागली २०२० च्या मार्चमध्ये आणि पिशवी मावशीच्या डोक्यावर आली २०२१ च्या जुलैमध्ये. सोळा महिने. मधल्या काळात ही माणसं एक अख्खा हंगाम भट्टीवर जाऊन आली होती.

खात्यातले दोन हजार मावशीला पिशवीच्या आधी मिळाले होते. त्यांचं तिने काय केलं ते मला पक्कं माहीत आहे, कारण निम्मे माझ्याकडेच खर्च झाले. वीस किलो तांदूळ, तेल, काडेपेटी, आणि उरलेल्यातून नायलॉनचं जाळं. त्या जाळ्यातले मासे तिने पुढे दोन पावसाळे आमच्या गावात विकले. मी स्वतः घेतलेत. तिला काय हवं ते तिला बरोबर कळत होतं, तिच्या हातात पैसे दिल्यावर तिने भुंगा लागलेली चवळी घेतली नाही. शेजारणीचं खातं मात्र आधारला जोडलेलं नव्हतं, तिला तीन खेपा वाईला घालाव्या लागल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणजे रोखीतही खाचखळगे आहेत. तरी दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं तर वस्तीवरची प्रत्येक बाई काय निवडेल हे विचारायचीही गरज नाही.

राज्य शासनाला हे माहीत नव्हतं असंही नाही. डिसेंबर २०१६ मध्येच शासनाने ठरवलं होतं की लाभार्थ्याला वस्तू देण्याऐवजी शक्य तिथे पैसे थेट खात्यात द्यायचे. त्याला कारणं होती. २००४ ते २००९ या काळात आदिवासींच्या योजनांत डिझेल इंजिनं, गॅस शेगड्या, दुभती जनावरं यांची जी खरेदी झाली, तिच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला, आणि त्यावर काय कारवाई करायची ते बघायला पुन्हा करंदीकर समिती. म्हणजे २००५ साली कुणा आदिवासी शेतकऱ्याच्या नावावर घेतलेल्या इंजिनाचा हिशेब बारा वर्षांनी कागदावर आला. त्या शेतकऱ्याला कुणी कधी विचारलं असेल का, की बाबा, इंजिन आलं का, आलं तर चाललं का?

मी कुणी कार्यकर्ती नाही. पण ती चवळी डोक्यातून जाईना. शेवटी भाच्याला बसवून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचं तिकीट लावलं. तीनच गोष्टी विचारल्या. बारा जिन्नसांचा प्रत्येकी खरेदीचा दर किती. माल ताब्यात घेण्यापूर्वी त्याची तपासणी कुणी केली, अहवालाची प्रत द्या. आणि आमच्या तालुक्यात किती पिशव्या आल्या, किती परत पाठवल्या. पहिलं उत्तर आलं की हा विषय दुसऱ्या कार्यालयाचा, अर्ज तिकडे पाठवला आहे. त्या कार्यालयाने कळवलं, माहिती विस्तृत आहे, समक्ष येऊन पाहून जा. ते कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात. सातारा-सांगली अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे इथे पेसाची, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याची, ग्रामसभाही नाही, जिथे बसून वस्तीवाले स्वतः विचारू शकतील. गावाच्या ग्रामसभेत त्यांची पाच-सहा घरं असतात, आणि ती घरं बहुतेक वेळा भट्टीवर.

दुकान दिवसभर बंद ठेवून, दोन एसट्या बदलून गेले. तिथल्या बाईंनी चांगलं वागवलं, पाणी दिलं, फाइल समोर ठेवली. फाइल जाड होती. सगळे पोच पावत्यांचे कागद, एकेका ओळीवर एकेक अंगठा. मी आमच्या वस्तीची नावं शोधली आणि सापडली. मावशीचा अंगठा निळ्या शाईत, थोडा पसरलेला, पावसाच्या हाताचा. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधीच छापलेली ओळ होती: 'वरील सर्व साहित्य सुस्थितीत व पूर्ण वजनात मिळाले.'

मी ती ओळ तीन-चारदा वाचली. तो अंगठा घेतला तेव्हा पिशवीची गाठ सुटलीसुद्धा नव्हती. गाठ माझ्या बाकावर सुटली. ज्या बाईला वाचता येत नाही, जिच्याकडे काटा नाही, जिने पुडा उघडून पाहिलेला नाही, तिच्या अंगठ्याने शासनाची मालतपासणी पूर्ण झाली होती. पुरवठादाराचं बिल त्यावर निघालं असणार. तपासणी अहवाल मागितला तर तो त्या फाइलीत नव्हता, जिन्नसवार दरही नव्हते. ते वरच्या कार्यालयात आहेत असं सांगितलं. पहिलं अपील झालं, दुसरं केलं, त्याची तारीख अजून आलेली नाही. सगळे कागद हातात आल्यावर लिहीन म्हणून थांबले होते. आता थांबत नाही.

माझ्या दुकानाला काय काय लागतं ते सांगते. माझा इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापनवाल्यांकडून, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, तपासून घ्यावा लागतो, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावावं लागतं. पुडीबंद माल विकायचा तर पुड्यावर निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर लागतो. २०११ च्या नियमांत हे सगळं आहे. एकदा माझ्याकडच्या शेवयांच्या पुड्यावर महिना पुसट झाला होता, तर मला नोटीस आली, आणि ती रास्तच होती. खावटीच्या पुड्यांवर मी तक्रारीचा नंबर शोधला. दोन पुड्यांवर होता, लावून पाहिला, लागला नाही. सगळ्या पिशवीचा म्हणून एक नंबर, एक माणूस, एक टेबल, तसं काही नव्हतं. पिशवीवर मात्र छपाई छान होती.

धंद्यात एक साधी गोष्ट असते. जो पैसे देतो तोच माल घरी नेतो, म्हणून तो पारखून घेतो. इथे पैसे देणारा विभाग चवळी खात नाही आणि चवळी खाणारी मावशी पैसे देत नाही. मधल्या जागेत कुणी पारखून घेणारं बसवलं नाही तर माल खराब येणारच, माणसं कितीही भली असोत. निधीचं म्हणाल तर कागदावर त्याची वाण नाही; आदिवासींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा वेगळा काढायचं सूत्र राज्यात १९९३-९४ पासून आहे. पैसा वेगळा निघतो. तो कुणाच्या काट्यावर मोजला जातो, एवढंच मला विचारायचंय.

मला जे सुचतं ते फार अवघड नाही. पिशवीवर बारा जिन्नसांचं वजन आणि शासनाने दिलेला भाव मोठ्या अक्षरात छापा. वाटपाच्या जागी काटा ठेवा आणि चारचौघांसमोर शंभरातली एक पिशवी उघडा. अंगठा गाठ सोडल्यानंतर घ्या. पंधरा दिवस बदलून द्यायची सोय गावातल्याच रेशन दुकानात ठेवा, तिथे काटाही असतो आणि नोंदवहीही. आणि पिशवीत काय घालायचं ते ठरवण्याआधी दहा वस्त्यांवर जाऊन बायकांना विचारा. पाचशे सत्याहत्तर टन गरम मसाला आपोआप वाचेल.

आता २०२३ च्या नोव्हेंबरपासून आदिम जमातींसाठी पंतप्रधान जनमन योजना आली आहे, कातकऱ्यांना घरकुलासाठी दोन लाख. पैसे हप्त्याने खात्यात येतात. मावशीच्या भाचीचं घर मंजूर झालं. ती मंजुरीचा कागद घेऊन दुकानात आली, मी तिला आकडे वाचून दाखवले. मग ती बरोबर माहेरच्या दोघींना घेऊन सिमेंटच्या दुकानात गेली आणि पोत्यावरचा महिना वाचून घेतल्याशिवाय पोतं उचलू दिलं नाही. ते तिला कुणी शिकवलं होतं हे मी विचारलं नाही. चारही पिशव्या उघडल्या तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसलेली होती, तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल असं मला वाटायचं. तिच्या आधारवर बघितलं तर तेव्हाच अठराची होती.

तर खावटीची पिशवी. तेल, साखर, मीठ, तूरडाळ उत्तम ते ठीक. हरभरा ठीक. चवळी नापास. चहा, मिरची, मसाला पैसे वाया. वेळेवर पोचण्याबद्दल काहीच देता येत नाही. त्या चवळीतली मूठभर मी बरणीत घालून, तारीख लिहून ठेवली आहे. कुणाला बघायची असेल तर दुकानात या.

आणि आमच्या भागात कुणाच्याही घरी सरकारी पिशवी आली, खावटीची असो, अंगणवाडीची असो, पुराच्या मदतीची असो, तर अंगठा देण्याआधी माझ्याकडे घेऊन या. वजन करून, वाचून, कागदावर लिहून देईन. सकाळी सात ते रात्री नऊ, सोमवारी दुपारी बंद. काट्यावरचा शिक्का या वर्षीचा आहे.